‘फर्मेंट’ म्हणजे नेमके काय, ते लेबलवर येऊ द्या

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

क्रीम-सीरमच्या लेबलवर हल्ली वनस्पतीच्या नावापुढे ‘फर्मेंट’ (जंतूंनी आंबवलेला अर्क) एवढेच छापून भागते. त्या एका शब्दाखाली जंतू गाळून काढलेला फिल्ट्रेट, जंतू फोडून केलेला लायसेट आणि नुसतेच आंबवून बाटलीत भरलेले पाणी, असे तिन्ही खपते.

फायदा खोटा नाही. वनस्पतीतले बरेच उपयोगी घटक साखरेला जोडलेले असतात. लॅक्टोबॅसिलस या आंबवणाऱ्या जिवाणूच्या काही वाणांतले बीटा-ग्लुकोसिडेज हे विकर (एन्झाइम) ती साखर तोडते. सोयाबीनमधली आयसोफ्लेवोन ही उपयोगी संयुगे अशी सुटी झाली, की त्वचेच्या वरच्या थरात शिरणे त्यांना सोपे जाते. मात्र हे वाणावर ठरते. शिवाय पेशींवर दिसलेला परिणाम चेहऱ्यावर दिसेलच असे नाही.

खरी गोम आंबवून झाल्यानंतर आहे. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीत जिवाणू अडकतात, पण त्यांनी आधीच तयार केलेले, खाज-लाली आणणारे हिस्टामिन आरपार जाते. मागे उरलेली साखर आणि अमिनो आम्ले पुढे शिरणाऱ्या जंतूंना आयते खाद्य. त्यावर उपाय म्हणून सोडियम बेंझोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. ते सामू (पीएच) ४.२ असताना निम्मे कार्यक्षम आम्लरूपात असते. सामू ६ झाला की जेमतेम दीड टक्का. म्हणजे आंबट अर्कात व्यवस्थित टिकलेला माल त्याच अर्काच्या कमी आंबट, सौम्य क्रीममध्ये उघडा पडतो. आणि नाकाला पत्ता लागत नाही, कारण आंबूस वास या मालाला मूळचाच!

म्हणून वाणाचा क्रमांक, फिल्ट्रेट की लायसेट, आणि अर्कातल्या कोरड्या घटकांचे प्रमाण लेबलवर सक्तीचे करावे. ‘९० टक्के फर्मेंट’मध्ये बहुतेक पाणीच असते. मुद्दाम जंतू घालून माल टिकतो का ते पाहणारी, आयएसओ ११९३० या आंतरराष्ट्रीय मानकाची २८ दिवसांची चाचणी सुट्या अर्काची नको, तयार मालाची हवी. जंतूंची मर्यादा आयएसओ १७५१६ प्रमाणे ग्रॅममागे १,०००. डोळ्यांजवळच्या आणि तीन वर्षांखालील मुलांच्या मालाला १००. स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस हे रोगकारक जिवाणू १ ग्रॅम नमुन्यात मुळीच सापडता कामा नयेत. बुरशीने आंबवलेल्या अर्काची अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) तपासणी वेगळी, दर घाण्याला.

‘प्रिझर्व्हेटिव्हमुक्त’ असा दावा करणाऱ्यांकडून या चाचण्यांचे कागद आधी मागवावेत.

आपले विश्वासू,
प्रसाधननिर्मितीतील रसायन व सूक्ष्मजीव तज्ज्ञ