बेसच्या प्रेमात पाडणाऱ्यांचे आभार

नवी इलेक्ट्रिक बेस गिटार हाती आली आहे आणि ती खाली ठेववत नाही. हे प्रेम जुळवून देणाऱ्या बऱ्याच जणांची नावं मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

"आधी अ‍ॅम्पशिवाय वाजवा, लाकूड बोलतंय का बघा," असं सांगणाऱ्या काकांचे पहिले आभार. खुली, म्हणजे बोटानं न दाबलेली, ई तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. ती थरथर कानांआधी बरगड्यांना जाणवली आणि तिथेच निर्णय झाला!

गिटारीचं सेटअप, म्हणजे ती नीट वाजावी अशी जुळणी, करून देणाऱ्या ताईंचे आभार मानावेत तितके थोडे. मानेचा बाक त्यांनी नुसत्या नजरेनं ओळखला, मानेच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, जपून, अगदी थोडा फिरवला, तारा खाली घेतल्या आणि मग प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा (मानेवरच्या धातूच्या पट्टीवरचा) सूर ब्रिजवरच्या सॅडलनं, म्हणजे तार टेकते त्या छोट्या आधारानं, जुळवला. घाई अजिबात नाही. वर प्रत्येक गोष्ट का करतोय तेही सांगितलं. चांगल्या वाद्याइतकंच चांगलं सेटअप महत्त्वाचं, हे माझं आता ठाम मत आहे.

न वाजणाऱ्या तारा बोटांनी दाबून गप्प कशा ठेवायच्या ते दाखवणारा तरुण आणि माझ्यासाठी किक ड्रमचा एकच ठेका न कंटाळता धरून बसलेला ड्रमर, तुमचेही मनापासून आभार.

अमेरिकन गिटार निर्माते लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस हा इलेक्ट्रिक बेस आणला, त्याची 34 इंची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, आजही बहुतेक बेसवर आहे, माझ्याही. माझ्या गिटारीचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारी वेटोळी, गुंडाळणाऱ्या अनोळखी हातांनाही नमस्कार.

ताई, हे वाचलंत तर जरूर कळवा. तारा बदलायला तुमच्याकडेच यायचंय.