सशुल्क अभ्यासक्रमातील उपग्रह रेडिओ विलीनीकरणाच्या सदोष पाठाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : स्पर्धा कायद्याच्या अभ्यासक्रमातील ‘एक्सएम–सिरियस’ प्रकरणाचा पाठ दुरुस्त करून देणे अथवा वर्गणी परत करणे.

महोदय,

आपल्या संस्थेच्या स्पर्धा कायद्यावरील मराठी ऑनलाइन अभ्यासक्रमाची मी वार्षिक वर्गणीदार आहे. सातारा जिल्ह्यात मी हा विषय शिकवते. इंग्रजी ग्रंथांशी झगडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती मराठीतून काही भरवशाचे द्यावे, या हेतूने मी माझ्याबरोबर बारा विद्यार्थ्यांचीही वर्गणी यंदा भरली. अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना सात जणांनी एकच चूक शब्दशः सारखी लिहिलेली आढळली, म्हणून मी आपला मूळ पाठ काढून वाचला. चूक तिथेच होती. याबाबत आपल्याला दोनदा कळवले. दोन्ही वेळा “पाठ तज्ज्ञांनी तपासलेला आहे” एवढेच उत्तर आले, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

एक्सएम आणि सिरियस या मासिक वर्गणी घेऊन उपग्रहावरून रेडिओ ऐकवणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्या. आपला पाठ सांगतो की अमेरिकन सरकारने २००७ साली त्यांच्या विलीनीकरणाला परवानगी दिली आणि ग्राहकांसाठी दर कायमचे बांधून दिले. यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत. विलीनीकरणाची घोषणा १९ फेब्रुवारी २००७ रोजी झाली. न्याय खात्याने आपली चौकशी २४ मार्च २००८ रोजी बंद केली आणि फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचार व प्रसारणाच्या नियामकाने, म्हणजे एफसीसीने, २५ जुलै २००८ रोजी मंजुरी दिली. मधले सतरा महिने कशात गेले, हाच खरे तर या प्रकरणाचा अभ्यास आहे आणि आपल्या पाठात नेमका तोच नाही.

आपण सर्वत्र ‘सरकार’ असा एकच शब्द वापरला आहे. वास्तविक तिथे दोन यंत्रणा होत्या आणि त्यांच्या हाती दोन निराळ्या मोजपट्ट्या होत्या. न्याय खात्याला १९१४ च्या क्लेटन कायद्याच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्पर्धाविषयक कायद्याच्या, कलम ७ नुसार विलीनीकरण रोखायचे असते, तर न्यायालयात जाऊन स्पर्धा लक्षणीय घटण्याचा संभव सिद्ध करावा लागला असता. उलट एफसीसीपुढे परवान्याच्या हस्तांतरणातून सार्वजनिक हित साधते, हे सिद्ध करण्याचा भार अर्जदार कंपन्यांवर होता. न्याय खात्याने विलीनीकरणाला ‘मंजुरी’ दिलीच नाही. उपलब्ध पुराव्यावरून स्पर्धेला हानी पोहोचेल असे दिसत नाही, एवढे सांगून ते थांबले. पुराव्याचा भार कोणावर, या एका प्रश्नावर विलीनीकरणाचे अख्खे प्रकरण फिरू शकते, हे कायद्याच्या विद्यार्थ्याला कळले नाही तर त्याने या प्रकरणातून काय शिकायचे?

याहून गंभीर बाब १९९७ ची आहे. त्या वर्षी एफसीसीने लिलावातून उपग्रह रेडिओचे दोनच परवाने दिले. एक सुमारे ८.३ कोटी डॉलरला, तर दुसरा सुमारे ९ कोटी डॉलरला गेला. ते देतानाच एका परवानाधारकाला दुसऱ्यावर ताबा मिळवता येणार नाही, असे नियामकाने लिहून ठेवले होते. अकरा वर्षांनी त्याच नियामकाने ही मनाई बाजूला ठेवली. आपल्या पाठात या मनाईचा उल्लेखसुद्धा नाही. नियामक आपलाच जुना शब्द केव्हा आणि कोणत्या कारणांनी मागे घेऊ शकतो, यावर मी वर्गात दोन तास घालवते.

बाजारपेठेच्या व्याख्येवर, म्हणजे कोणत्या सेवा एकमेकींच्या स्पर्धक मानायच्या या प्रश्नावर, आपण अवघ्या चार ओळी खर्च केल्या आहेत. दोन्ही कंपन्यांचे रेडिओ संच एकमेकांशी जुळत नसल्याने एकदा संच घेतलेला ग्राहक सहसा दुसरीकडे वळत नाही, आणि मोटार कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार झालेले असल्याने नव्या ग्राहकांसाठीची चढाओढही मर्यादित आहे, असा न्याय खात्याचा युक्तिवाद होता. मला तो पटत नाही. दोन्ही सेवा एकाच संचावर ऐकता याव्यात अशी संचाची रचना करण्याची अट परवान्याच्या नियमांतच होती, आणि तसा संच बाजारात न येण्याची जबाबदारी ग्राहकावर नव्हती. माझे मत बाजूला ठेवा, पण हा वाद विद्यार्थ्यांपुढे मांडायला तरी हवा होता.

आता दरांविषयी. १२.९५ डॉलरचा मासिक मूळ दर तीन वर्षे न वाढवण्याचे वचन कंपन्यांनी स्वतःहून दिले होते आणि एफसीसीने ते मंजुरीची अट म्हणून बांधून घेतले. या वचनांखेरीज विलीनीकरणाचे तोटे फायद्यांपेक्षा जास्त ठरले असते, असे एफसीसीने आदेशातच नमूद केले आहे. शिवाय संगीताच्या स्वामित्वशुल्कातील वाढ पहिल्या वर्षानंतर ग्राहकांकडून घेण्याची मुभा होती, आणि २००९ च्या जुलैपासून तसे वेगळे शुल्क सुरूही झाले. २०११ च्या जुलैत दरमर्यादा संपली, एफसीसीने ती वाढवली नाही, आणि जानेवारी २०१२ पासून मूळ दर १४.४९ डॉलर झाला. याला ‘कायमचे बांधून दिलेले दर’ म्हणता येणार नाही.

एफसीसीचा निर्णय तीन विरुद्ध दोन मतांनी झाला, हेही पाठात नाही. विरोधात मत देणाऱ्या सदस्यांपैकी जोनाथन एडेलस्टाइन यांनी दरमर्यादा सहा वर्षांची असावी असा आग्रह धरला होता. मतभिन्नता वाचल्याखेरीज निर्णय समजत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही सांगते.

आणखी एक चूक विशेष खटकली. विलीन झालेल्या कंपन्यांत आपण ‘वर्ल्डस्पेस’चे नाव घातले आहे. भारतात अनेक घरांत ऐकली जाणारी वर्ल्डस्पेस ही स्वतंत्र कंपनी होती. ऑक्टोबर २००८ मध्ये तिने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी तिची भारतातील सेवा बंद पडली. ज्यांच्या घरी तो संच होता, त्या पालकांची मुले आज माझ्या वर्गात बसतात. त्यांना हे चुकीचे शिकवणे मला मान्य नाही.

भारतीय संदर्भ आपण दोन वाक्यांत आटोपला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाकडे विलीनीकरणांची छाननी १ जून २०११ पासून आली, म्हणजे अमेरिकेतील दरमर्यादा संपत असतानाच. रिलायन्स आणि डिस्ने यांच्या माध्यम व्यवसायांच्या एकत्रीकरणाला आयोगाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली, तीही पक्षांनी स्वतःहून देऊ केलेल्या बदलांच्या अधीन राहून. कंपनीनेच देऊ केलेल्या वचनांवर नियामकाने किती विसंबावे, हा दोन्ही प्रकरणांतला समान प्रश्न मराठी विद्यार्थ्यासमोर ठेवण्याची संधी आपण दवडली आहे.

माझी मागणी अशी की, हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत सदर पाठ दुरुस्त करावा, दुरुस्त्या काय केल्या याचे टिपण सर्व वर्गणीदारांना पाठवावे, आणि चाचणीतील या पाठावरचे प्रश्न नव्याने तयार करून जुन्या उत्तरतालिकेमुळे विद्यार्थ्यांचे कापलेले गुण त्यांना परत द्यावेत. हे शक्य नसेल तर तेराही वर्गण्यांची संपूर्ण रक्कम परत करावी. सदोष वाक्यांच्या पृष्ठप्रतिमा आणि आपल्या दोन्ही उत्तरांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दुरुस्तीचा मसुदा आपण पाठवल्यास तो कोणतेही मानधन न घेता तपासून देण्याची माझी तयारी आहे.

आपली,
एक वर्गणीदार व विधी प्राध्यापिका,
जि. सातारा