बेंचवरच्या अक्कांना

आदरणीय अक्का,
सादर नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात बोलायला उभा राहिलो आणि घसा दाटून आला. चार शब्द कसेबसे बोलून खाली बसलो. राहिलेलं सगळ्यांसमोर लिहावं असं ठरवलं.

सांगलीहून बंगळूरला, उपग्रहांची सर्किट कार्डं जोडणाऱ्या तुमच्या सोल्डरिंग बेंचवर आलो तेव्हा सर्किट डिझाइन येतं म्हणजे सगळं येतं, अशी माझी समजूत होती. पहिल्या दिवशी तुम्ही मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायला लावलात आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या पायांचा एक ट्रान्झिस्टर हातात ठेवलात. मी थेट सोल्डरचा डाग द्यायला निघालो. तुम्ही म्हणालात, "आधी कल्हई." सोनं सोल्डरमध्ये मिसळलं की जॉइंट ठिसूळ होतो, म्हणून पाय आधी वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवून सोनं उतरवायचं. मग पायाला तो छोटासा बाक द्यायचा. पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह दिवसाला साधारण १५ फेऱ्या मारतो, बहुतेक वेळा प्रत्येक फेरीत उन्हातून सावलीत जातो. म्हणजे तापणं-निवणं वर्षाला ५,०००हून जास्त वेळा. बाक असला तर ताण त्यात जिरतो, नाहीतर जॉइंटला तडा जातो. कॉलेजच्या चार वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

पण मला आभार मानायचेत ते त्या एका संध्याकाळचे. फ्लाइट कार्डावरचा, म्हणजे प्रत्यक्ष उपग्रहात जाणाऱ्या सर्किट कार्डावरचा, कपॅसिटर बदलताना मी सोल्डरिंग आयर्न जरा जास्तच वेळ टेकवलं. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर पॅडची, म्हणजे ज्यावर डाग देतात त्या तांब्याच्या चकतीची, कड कार्डापासून केसभर उचललेली. दुसऱ्या दिवशी कार्डावर कोटिंग चढणार होतं. मग ते कुणाला दिसलं नसतं. मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात, भिंगाला डोळा लावलात. रागावला नाहीत. म्हणालात, "कंपन चाचणीत निभेलही. वर गेल्यावर काय होईल, मला नाही सांगता येणार. तुला येईल?"

मग दोष-अहवालाचा कागद पुढे सरकवलात. माझा हात चालेना. तुमची कंपनीची बस सुटली, तरी शेवटची ओळ लिहून होईपर्यंत तुम्ही हलला नाहीत. दुसऱ्या दिवशी आढावा बैठकीत कुणी काही विचारायच्या आत तुम्हीच सांगितलंत, "हे त्यानं स्वतःहून लिहून दिलंय." कार्ड बाद झालं. तीन आठवड्यांचं काम वाया गेलं होतं, आणि नव्या कार्डाचे सगळे अवघड जॉइंट तुम्ही स्वतः दिलेत, मला शेजारी बसवून.

अक्का, त्या दिवशी तुम्ही स्टूल ओढलं नसतं तर मी गप्प बसलो असतो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ते दुसरं कार्ड वर जाऊन आता चौथं वर्ष आहे. सकाळी आल्यावर आधी त्याच्याच व्होल्टेजचे आणि तापमानाचे आकडे उघडतो. कालच्या शेवटच्या फेरीपर्यंतचे सगळे ठीक आहेत.

तुमचा धाकटा भाऊ