ऊन पाण्याच्या वाटेत चर खणू नका

माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात कळशी विहिरीच्या तळाला टेकते. माझ्या आईचा जन्म डोक्यावर हंडे घेऊन घाटी चढण्यात गेला. त्यामुळे नळपाणी योजनेला माझा विरोध असूच शकत नाही. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात यावं, हे जलजीवन मिशनचं उद्दिष्ट आम्हा बायकांना सगळ्यांत आधी हवं आहे.

पण गेल्या महिन्यात पाइपलाइनची आखणी झाली. फक्कीची पांढरी रेघ आमच्या गरम पाण्याच्या कुंडापासून जेमतेम वीस पावलांवर, वरच्या अंगाच्या कातळातून गेली आहे. विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, कुंडाला आम्ही हातसुद्धा लावणार नाही."

साहेब, कुंड म्हणजे झरा नव्हे. कुंड आमच्या पूर्वजांनी चिरे लावून बांधलं. झरा आहे तो खालच्या भेगेत. पावसाचं पाणी जमिनीत खोलवर मुरतं, पोटातल्या उष्णतेने तापतं आणि कातळातल्या भेगांमधून वर येतं. त्या कातळावर ब्रेकर चालला, सुरुंग लागला, की भेगा हलू शकतात, पाण्याला दुसरी वाट फुटू शकते. सुरुंग नाही लावला तरी चराचा धोका राहतोच. पाइपखाली वाळू-खडी पसरतात, वरून भुसभुशीत माती लोटतात. पाण्याला यापेक्षा सोपी वाट कुठली? ऊन पाणी चरातून उताराला निघून जाईल, नाहीतर पावसाळ्यात गार पाणी चरातून झऱ्यात उतरेल. मग सिमेंट ओतून झरा परत येत नाही. शिवाय प्लास्टिकचा पाइप तापला की त्याची दाब सोसण्याची ताकद घटते, म्हणजे योजनेचंही नुकसानच.

हे एका वाडीपुरतं नाही. पालघरपासून राजापूरपर्यंत, सह्याद्रीच्या पायथ्याशी असे झरे ओळीने आहेत: गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीतलं उन्हवरे, आमच्या संगमेश्वरातली आरवली, तुरळ, राजवाडी, आणि राजापूरजवळचं उन्हाळे. उन्हवऱ्याचं पाणी ७० अंशांच्या आसपास, तर उन्हाळ्याचं चाळिशीत. गावांची नावंच ऊन पाण्यावरून पडली आहेत.

लावणीच्या दिवसांत आमच्या पायांना चिखल्या होतात. संध्याकाळी शेतातून परतताना बायका कुंडाच्या पायरीवर ओळीने बसतात, पाय पाण्यात सोडतात. गंधकाचा वास येत असतो, तळातून बुडबुडे येत असतात, आणि दिवसभर वाकून आखडलेली पाठ हळूहळू सुटते. माझी सासू ऐंशीच्या पुढे आहे. तिचे गुडघे याच पाण्यावर चालतात असं ती म्हणते, आणि तिला खोटं ठरवण्याची माझी हिंमत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्याच विभागाची आहे. तिच्या भूवैज्ञानिकांना आखणीवर आणा. झऱ्याचं पाणी कुठल्या दिशेने येतं ते त्यांनी पाहावं, किती अंतरात खोदायचं नाही ते त्यांनीच लिहून द्यावं, आणि तो कागद ग्रामसभेत वाचला जावा. खोदाईआधी कुंडाचं तापमान आणि प्रवाह मोजून नोंद ठेवा, म्हणजे पुढे काही झालं तर "आधीपासूनच असंच होतं" असं कुणी म्हणणार नाही. आमच्याकडे पाइप रस्त्याच्या खालच्या कडेने नेता येईल. अंतर वाढेल, खर्चही थोडा वाढेल, पण नळाला पाणी तेवढंच येईल.

कोकणातल्या प्रत्येक झऱ्यासाठी असा आदेश आपल्या सहीने निघू शकतो. आमच्याकडे पाऊस ओसरला की खोदाई सुरू होणार, असं ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं आहे. सध्या भात पोटरीला आलंय. दिवस थोडे आहेत.

आपली विश्वासू,
संगमेश्वर तालुक्यातील एक शेतकरी महिला