ओम मोजून आवाज कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत बेस गिटारचे पिकअप (तारांची हालचाल विजेत बदलणारा भाग) बदलून टोन सुधारण्याविषयीचा लेख वाचला. बेसबद्दल कोणी लिहीत नाही. गिटारवाल्यावर लिहितात, ड्रमवाल्यावर लिहितात. बेसवाला फोटोतसुद्धा कडेला अर्धा कापलेला असतो. त्यामुळे लेख बघून बरं वाटलं आणि दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तीन-चार ठिकाणी अडखळलो. त्यातली एक चूक मी स्वतः करून बसलेलो आहे, म्हणून ती लगेच ओळखू आली.

मी पोटासाठी जळालेल्या मोटारी भरतो. जुनं वाइंडिंग उतरवायचं, वेढे मोजायचे, त्याच गेजच्या (म्हणजे जाडीच्या) नव्या तारेचे तेवढेच वेढे घालायचे, वार्निश मारायचं, हा दिवसाचा धंदा. संध्याकाळी बेस वाजवतो, त्याला २२ वर्षं झाली. त्यामुळे पिकअप माझ्या लेखी एक इवलंसं वाइंडिंगच आहे. जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची एनॅमल तार, तिचे दहा हजारांच्या आसपास वेढे आणि आत चुंबक. चुंबकावर ताणलेली पोलादी तार त्याच्यामुळे स्वतःही थोडी चुंबक होते, ती हलली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज उमटतं. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं ते हेच. मोटारीत वीज घालून हालचाल काढतात, इथे हालचाल घालून वीज.

आता लेखातलं वाक्य: 'जितके किलोओम जास्त, तितका पिकअप दमदार.' हे छापायला नको होतं. ओम म्हणजे तारेचा रोध, आवाज नव्हे. तेवढेच वेढे एक गेज बारीक तारेनं घातले तर रोध सव्वा पटीच्या वर जातो आणि दम तसूभरही वाढत नाही. शिवाय तांबं तापलं की रोध वाढतो, एका अंशाला साधारण ०.४ टक्के. सकाळच्या गारव्यात १०.५ किलोओम दाखवणारा पिकअप पारा १० अंशांनी चढल्यावर १०.९ दाखवेल. दुपारी तो जास्त दमदार झाला म्हणायचं का? मल्टिमीटरनं मोजून एवढंच कळतं की कॉइल शाबूत आहे की तुटली आहे. आकडा शून्याजवळ असेल तर कुठेतरी शॉर्ट, काहीच दाखवत नसेल तर तार तुटलेली. आमच्या धंद्यात मीटर त्यासाठीच लावतात.

माझी चूक याच वाक्यातून झाली होती. माझ्याकडे फेंडर कंपनीच्या 'प्रिसिजन' धाटणीचा बेस आहे, एकच पिकअप, दोन तुकड्यांत विभागलेला. आवाज मोठा हवा म्हणून मी जास्त वेढ्यांचा, सिरॅमिक चुंबकाचा, आकड्यांत भरभक्कम पिकअप आणून बसवला. रात्री घरी एकट्यानं वाजवला तेव्हा कपाटातली भांडी वाजायला लागली. इतका खूश झालो की जुना पिकअप गुंडाळून माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी तालमीला गेलो. दुसरं गाणं संपल्यावर ड्रमवाल्यानं विचारलं, "अरे, आज बेस लावलाच नाहीस का?" मी अँप वाढवला. मग सगळेच म्हणाले, घुमतंय फार, पण सूर कुठला लागतोय ते कळत नाही.

कारण मला नंतर कळलं, आणि कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली, कारण ते माझ्याच धंद्यातलं होतं. वेढे वाढले की व्होल्टेज वेढ्यांच्या प्रमाणात वाढतं, पण इंडक्टन्स (बदलत्या विजेला कॉइल करते तो विरोध) वर्गाच्या प्रमाणात. २० टक्के वेढे वाढवा, इंडक्टन्स ४४ टक्के वाढतो. माझ्या त्या पिकअपमध्ये चुंबकाची पट्टी खाली होती आणि कॉइलच्या मधून पोलादी पट्टी. पोलादाचा गाभा म्हटल्यावर इंडक्टन्स आणखी वर. इंडक्टन्स चढला की पिकअपचा रेझोनन्स (ज्या कंपनसंख्येला तो सर्वांत जोरात बोलतो ती) खाली घसरतो आणि त्याच्या वरच्या पट्टीतला आवाज गळतो. बेसची सर्वांत जाड तार मोकळी सोडली तर ४१ हर्ट्झवर वाजते, पण त्या तळाला बास ड्रमही बसलेला असतो. गर्दीत सूर ओळखू येतो तो वरच्या स्वरांशांमुळे, बोट तारेवरून सुटतानाच्या त्या टोकदार आघातामुळे. नेमकं तेच मी पैसे मोजून काढून टाकलं होतं. एकट्यानं वाजवताना भरलेला वाटणारा आवाज आणि बँडमध्ये ऐकू जाणारा आवाज हे वेगळे असतात, याबद्दल लेखात एक ओळसुद्धा नाही. नवा पिकअप घ्यायचाच असेल तर दुकानात एकट्यानं वाजवून ठरवू नका. निदान कोणाला तरी शेजारी ड्रम वाजवायला लावा.

जुना पिकअप माळ्यावरून काढून परत बसवला. तो पूर्वी मला पातळ का वाटायचा, हे या वेळी नीट तपासलं. पहिलं कारण उंची. तो लाकडात जवळजवळ बुडालेला होता. शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून धरायची आणि तार ते पिकअप हे अंतर मोजायचं. जाड तारेकडे साधारण ३ मिलिमीटर, बारीक तारेकडे अडीच, इथून सुरुवात करून कानानं पुढे ठरवायचं. फार वर घेतलात तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवरचे सूर लाटा मारल्यासारखे बेसूर होतात. एक स्क्रू ड्रायव्हर आणि दहा मिनिटं, खर्च शून्य. दुसरं कारण तारा. चार वर्षांच्या त्या तारा घामानं मेलेल्या होत्या.

अर्थात मेलेल्या ताराच कोणाला हव्या असतात, हेही खरं. अमेरिकी बेसवादक जेम्स जेमरसन यांच्याकडे १९६२ चा प्रिसिजन होता. त्यावर गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, ज्या ते तुटेपर्यंत बदलत नसत, ब्रिजच्या (बेसच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या भागाच्या) झाकणाखाली फोम आणि वाजवायला उजव्या हाताचं एकच बोट. त्या आवाजातला किती हिस्सा पिकअपचा आणि किती फोमचा, सांगा बघू. तसा आवाज हवा असणाऱ्यानं आधी फोमचा तुकडा शोधावा.

बाहेरच्या विजेची गुणगुण घालवण्यासाठी प्रिसिजनवर 'नॉइजलेस' पिकअप बसवावा असा सल्ला लेखात आहे. १९५१ च्या पहिल्या प्रिसिजनला तो लागू पडला असता, त्यात साधी एकच कॉइल होती. पण १९५७ मध्ये फेंडरनं पिकअपचे दोन तुकडे केले. दोन्हींचं वाइंडिंग एकमेकांच्या उलट, चुंबकांचे ध्रुवही उलट. तारेचा आवाज बेरजेत येतो, बाहेरून शिरलेली गुणगुण वजाबाकीत जाते. म्हणजे तो मुळातच गुणगुण खोडणारा आहे. तरीही बेस गुणगुणत असेल तर दोष आतल्या शिल्डिंगमध्ये (गुणगुण अडवणाऱ्या धातूच्या अस्तरात) किंवा अर्थिंगमध्ये शोधा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर अर्थिंग जोडलेलं आहे, शिल्डिंग अपुरं आहे. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालून येणारी वायर बहुधा सुटलेली आहे. मी उघडलेल्या बेसपैकी निम्म्यांत रोग हाच निघाला, किंवा पॉटच्या (आवाज-टोनच्या बटणाखालच्या फिरत्या रोधाच्या) पाठीवरचं कोरडं सोल्डर.

फेंडरच्याच जॅझ बेसची गोष्ट वेगळी. १९६० पासून त्यात एकेका कॉइलचे दोन पिकअप असतात. दोन्ही पूर्ण उघडे असताना गुणगुण मरते, एकच उघडा ठेवला की परत येते. तिथे पिकअप बदलण्याला अर्थ आहे. पण जोडीनं बदला. आमच्यात वाजवणाऱ्या एका मुलीनं पुढचा एका कंपनीचा आणि मागचा दुसऱ्याच कंपनीचा बसवला. वेगवेगळे वाजवले की दोन्ही छान. एकत्र उघडले की आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा, तळच गायब. ती रडवेली होऊन बेस घेऊन माझ्याकडे आली. दोन्ही पिकअप काढून तोंडाला तोंड लावून बघितले, तर ते एकमेकांना ओढत होते, म्हणजे ध्रुव उलट होते. वाइंडिंगची दिशा मात्र दोन्हींची सारखी. एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, तळ परत आला आणि गुणगुणही गेली. ध्रुव सारखे निघाले असते तर वायरी बदलून तळ आला असता, पण दोन्ही उघडे ठेवूनही गुणगुण मेली नसती. (पिकअपला धातूचं कव्हर असेल आणि त्यातली एक वायर कव्हरला जोडलेली असेल, तर अदलाबदलीआधी ती सोडवून कव्हर वेगळं अर्थ करावं लागतं. नाहीतर कव्हरला हात लागताच बेस किंचाळतो.)

आणखी एक. नवा पिकअप लावताना लोक जुने पॉट आणि कपॅसिटर बघतच नाहीत. २५० किलोओमच्या जागी ५०० चे पॉट घातले तर तोच पिकअप उजळ वाजतो, म्हणजे वरचे स्वर ठळक होतात, कारण पॉटचा भार कमी होतो. केबलचंही तसंच. केबल स्वतःही कपॅसिटरसारखी वागते, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा; दहा मीटरच्या केबलनं जेवढा उजेड खाल्ला, तो परत आणायला नवा पिकअप कशाला हवा?

लेखकांवर राग नाही. सोल्डरिंगचा भाग त्यांनी उत्तम लिहिला आहे, विशेषतः पॉटची पाठ आधी खरवडून घ्यायची सूचना. पण किलोओमचं ते वाक्य दुरुस्त करून छापावं. लेखासोबतच्या आकृतीत जॅझ बेसचे दोन्ही पिकअप एकाच लांबीचे दाखवले आहेत, तेही. ब्रिजकडचा मानेकडच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरनं लांब असतो. माझ्या ओळखीच्या एकानं दोन्ही लांब पिकअप मागवले आणि मानेकडचा बसेना म्हणून चांगल्या बेसच्या अंगात पटाशी घातली. आपल्या वाचकांपैकी कोणी पटाशी उचलायच्या आत दुरुस्ती यावी, एवढीच विनंती.

आपला,
मोटारी भरणारा एक बेसवादक