मंत्री साहेब, जवानाचं काम त्याच्या सुट्टीत होऊ दे

मा. महसूल मंत्री साहेब,
जय हिंद.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून 2025 च्या शेवटी हवालदार म्हणून पेन्शनवर आलोय, कोल्हापूर जिल्ह्यातलाच आहे. गावाचं नाव लिहीत नाही कारण गाव कळलं की ऑफिस कळतं आणि ऑफिस कळलं की माणूस कळतो, आणि मला कुणा एका माणसाची तक्रार करायची नाही. नोकरीत असताना असं उघड लिहिता येत नव्हतं म्हणून आत्ता लिहितोय.

2025 च्या फेब्रुवारीत वडील वारले. तेव्हा कसाबसा पोचलो, दिवस घालून लगेच परत गेलो. कागदपत्रांचं सगळं राहिलंच. दोन एकर ऊस आहे आमचा. सातबारा वडिलांच्या नावावर, सोसायटीचं पीककर्ज त्यांच्या नावावर, कारखान्याला उसाची नोंद पण त्यांचीच. वारस नोंद झाल्याशिवाय आईला यातलं काहीच पुढं नेता येत नव्हतं. म्हणून 18 एप्रिलला 30 दिवसांची सुट्टी काढून आलो, ह्या एकाच कामासाठी.

22 एप्रिलला संध्याकाळी महसूलचं ऑफिस बंद व्हायच्या टायमाला मी तिथल्या बाकड्यावर बसलोवतो, मांडीवर प्लॅस्टिकची फाईल, आणि मोबाईलवर पहलगामची बातमी आली. 26 माणसं मारली. आकडा आधी कमी सांगत होते, नंतर वाढत गेला. आतले सगळे आपापले फोन बघायला लागले, शिपाई, क्लार्क, कामाला आलेली माणसं, सगळेच संतापलेले, आणि ते खरंच होतं, मनापासूनचं होतं, मी बघितलंय. एकजण माझ्याकडं वळून म्हणाला आता तुमास्नी जावं लागणार बघा. मला पण तेच वाटत होतं. मग खिडकी बंद करताना मला सांगितलं, उद्या या.

साहेब, तिकडं गडबड असताना घरी असणं काय असतं हे लिहायला जमतंय का बघतो. अंग इथं असतं, कान तिकडं असतो. आमच्या सेक्शनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी दिवसभर काहीतरी चालू असायचं, तो पहलगामनंतर गप्प झाला, आणि तो गप्प झाला की फौजी माणसाला जे कळायचं ते कळतं. लग्नसराईचे दिवस, रात्री अकराला कुठंतरी सुतळी बॉम्ब वाजायचा आणि मी उठून बसायचो, बायको लाइट लावायची, काही बोलायची नाही. सकाळी कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो तर दूधवाल्यानं पैसे घेतले नाहीत. चौकात पोरं विचारायची, काय हवालदार, कवा सुरू करणार? मी काय सांगणार, मला माहीत असतं तरी सांगता आलं नसतं. गल्लीतल्या मंडळानं शाल आणि नारळ दिला, फोटो काढले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं, आपल्याकडं फौजीला मान आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचं गावच आहे, अशा जिल्ह्यातला माणूस मी.

पण परत बोलावणं येईपर्यंतच्या त्या 19 दिवसांत ऑफिस उघडं असलेले दिवस मी नंतर कॅलेंडरवर मोजले. गुड फ्रायडे, 1 मे आणि शनिवार-रविवार सोडून 11 भरले. त्यातले सात दिवस मी तिथं गेलो. एकदा सर्व्हर बंद, एकदा साहेब मीटिंगला, एकदा अर्जाला तिकीट लावायचं राहिलं. चौथ्या खेपेला सांगितलं की सातबाऱ्यावर वडिलांच्या नावापुढं 'सो', म्हणजे मानाचा 'साहेब', लावलाय आणि मृत्यूच्या दाखल्यावर तो नाही, तेव्हा ती एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. आता आमच्याकडं निम्म्या जिल्ह्याच्या नावापुढं 'सो' असतो साहेब. तेही आणलं. पण हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर 21 एप्रिललाच आणलं असतं, आणि फेरफाराच्या नोटिशीचे 15 दिवस तिथनंच सुरू झाले असते. तुमच्याच खात्याची जिवंत सातबारा मोहीम तेव्हा राज्यभर चालू होती, मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, लई चांगलं काम होतं ते, माझा अर्ज तेवढा त्यात कुठं बसला नाही.

7 मे ला सकाळी उठलो तर ऑपरेशन सिंदूर. नऊ ठिकाणं उडवली म्हणून टीव्हीवर चालू होतं, गावात फटाके वाजत होते. दहाच्या आत युनिटचा फोन आला, फौरन रिपोर्ट करो. आईनं भाकरी आणि खर्डा बांधून दिला आणि डब्याच्या खाली अर्जाची पोच ठेवली, चौघडी घालून. तिला वाटलं तिकडनं काही करता येईल. रात्रीच्या गाडीनं पुणं गाठलं, तिथनं झेलम. पुणे स्टेशनवर आमच्यासारखी कितीतरी पोरं, कुणाची सुट्टी चार दिवस झालेली, कुणाची दहा. एकाच्या घराचा स्लॅब दोन दिवसांवर आलेला, तो फोनवर वडिलांना सिमेंटच्या पोत्यांचा हिशोब सांगत होता, गाडी सुटेपर्यंत सांगत होता.

10 मे ला गोळीबार थांबला पण सुट्टी लगेच थोडीच मिळते. जुलैत आईचा फोन आला, अर्जदार हजर नाही म्हणून अर्ज निकाली काढला. सोसायटीचं कर्ज नवं झालं नाही, खताला तिनं बाहेरनं व्याजानं पैसे उचलले. ऑक्टोबरात मी परत आलो आणि पहिल्यापासून सगळं केलं.

1925 चा एक कायदा आहे साहेब, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट. जवान लढाईच्या ड्युटीवर असेल तर त्याच्या गैरहजेरीत कोर्टातला दावा पुढं रेटायचा नाही, आणि त्याच्या बाजूनं कुणी नसेल तर कलेक्टर कोर्टाला कळवू शकतो. इंग्रजांनी केला, आपण चालू ठेवला. 26 जुलै 2025 ला जवानांच्या घरच्यांना कायद्याची मदत मिळावी म्हणून वीर परिवार सहायता योजना पण आली. म्हणजे कोर्टात जवानाची गैरहजेरी समजून घेतात. टेबलावरच्या फायलीला ते लागू करायला काय अडचण आहे?

जवानाला वर्षाला 60 दिवस अ‍ॅन्युअल आणि 30 दिवस कॅज्युअल लिव्ह असते, ती पण तुकड्या-तुकड्यांत, आणि एका फोनवर संपते. म्हणून मागणं एवढंच आहे की लिव्ह सर्टिफिकेट दाखवलं की कुठले कागद कमी आहेत ते पहिल्याच दिवशी, एकदाच, लेखी द्यावं. ई-हक्क पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो हे मला माहीत आहे, पण मग जवानानं ड्युटीच्या ठिकाणावरनं केलेल्या अर्जावर नोटिशीची मुदत तो गावी पोचायच्या आधीच सुरू व्हावी, म्हणजे तो आला की सहीपुरतं काम राहील. आणि परत बोलावलं तर युनिटच्या शिक्क्याचं अधिकारपत्र घेऊन त्याची आई किंवा बायको आली की तिला त्याच्या जागी उभं करून घ्यावं, अर्ज निकाली काढू नये. याला पैसे लागत नाहीत साहेब, तुमचं एक परिपत्रक लागतं.

आमच्या मागच्या गल्लीतला एक पोरगा आत्ता सीमेवर आहे. पुढच्या महिन्यात 20 दिवस येतोय, चुलत्याबरोबर वाटणीची नोंद करायची आहे. काल त्याचा फोन आलेला, काका कुठले कुठले कागद लागतात एवढं विचारून ठेवा. मी सोमवारी जाऊन विचारणार आहे.

आपला,
एक माजी हवालदार
जि. कोल्हापूर