बाबा, ती फी कापू द्या

ती. आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोन ठेवल्यापासून चैन पडत नाहीये. बाबा, तुम्ही केवढ्या आनंदात सांगत होतात की कॅमेऱ्याला आणि दोन्ही लेन्सना गिऱ्हाईक मिळालं, घासाघीस करावी लागली नाही, माणूस बोलायला सभ्य आहे. आणि मग जाता जाता म्हणालात, "तो म्हणतोय, पेपालवर (ऑनलाइन पैसे पाठवायची ती सेवा) मित्राला पाठवतात तसे पैसे पाठवतो, म्हणजे तुमची फी कापली जाणार नाही." आई मागून म्हणाली की तो जुना ई-बुक रीडर विकणाराही तिला तेच सुचवतोय. त्यावर मी फक्त "थांबा, घाई करू नका" एवढंच म्हणाले. ते तुम्हाला तुटक वाटलं असणार. पण पुढचं सांगायचं तर आधी एक जुनी गोष्ट कबूल करावी लागली असती, आणि ती फोनवर तोंडातून निघेना.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझा लॅपटॉप बंद पडला होता. "दुरुस्त झाला" असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तो दुरुस्त झाला नव्हता. शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते, त्यातून मी एक वापरलेला लॅपटॉप ऑनलाइन बघितला. विकणाऱ्याने फोटो पाठवले, मूळ बिल पाठवलं, माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. शेवटी म्हणाला, "खरेदीचे पैसे म्हणून पाठवलेस तर माझे तीन टक्के जातात. घरच्या माणसाला पाठवतात तसे पाठव, त्यातले अर्धे मी तुला किमतीत सोडतो." मला ते रास्त वाटलं. कंपनीला कशाला द्यायचे, दोघांचंही भलं होतंय, असा विचार करून मी पाठवले. चार दिवस पार्सल "निघालंय" होतं. आठव्या दिवशी त्याचं खातंच दिसेनासं झालं.

मी तक्रार केली. दोन ओळींचं उत्तर आलं: हा व्यवहार खरेदी म्हणून नोंदलेला नाही, त्यामुळे खरेदीदाराचं संरक्षण त्याला लागू होत नाही. ते उत्तर नियमाला धरूनच होतं. पैसे पाठवताना समोर दोन पर्याय आले होते आणि मी माझ्या हाताने दुसरा निवडला होता. ते वर्ष मी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर काढलं आणि तुम्हाला सांगत राहिले की तिथे अभ्यास चांगला होतो. आई, तू तेव्हा सगळ्यांना कौतुकाने सांगायचीस की पोरगी रात्री नऊपर्यंत लायब्ररीत बसते. ते ऐकताना मला फार वाईट वाटायचं.

बाबा, तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे. पैसे तर क्षणात जातात, मग तीन टक्के कशाचे? नुसते पैसे इकडून तिकडे पोचवण्याचे तीन टक्के खरंच जास्त आहेत. पण त्या फीमध्ये आणखी एक गोष्ट येते. व्यवहार बिघडला तर दोघांचंही ऐकून पैसे परत फिरवू शकणारा तिसरा माणूस मध्ये उभा राहतो. दोन अनोळखी माणसं, मध्ये शेकडो मैल. आधी पैसे की आधी वस्तू, हा प्रश्न त्यांच्यात कायमचाच. पूर्वी लोक टपालाने चेक पाठवायचे आणि तो वटेपर्यंत विकणारा वस्तू अडवून ठेवायचा. पेपाल मोठं झालं ते ईबेवर, म्हणजे ऑनलाइन वस्तू विकायच्या साइटवर, एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या माणसांच्या याच अडचणीमुळे. २००२ मध्ये ईबेने ती कंपनीच विकत घेतली.

कार्डाचंही तसंच आहे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने क्रेडिट कार्डधारकाला, ठरल्याप्रमाणे माल पोचला नाही तर बिलावर हरकत घेण्याचा हक्क दिला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला, की १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली आणि विकणाऱ्याने फसवलं, तर कार्ड देणारी कंपनीही तितकीच जबाबदार. कार्डाचे पैसे परत फिरू शकतात. बँकेतून थेट पाठवलेले पैसे मात्र रोख हातात दिल्यासारखे असतात, एकदा गेले की समोरच्याने दिले तरच परत. यातून इतके लोक बुडाले की ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून बँकेतून पाठवायला लावलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत भरून देण्याचं बंधन बँकांवर घालावं लागलं. पण तो नियम त्या देशापुरता, आणि त्यालाही अटी आहेत.

आता तुमच्या कॅमेऱ्याचं. तुम्ही म्हणाल, मी तर विकणारा आहे, संरक्षण सोडतोय तो घेणारा, मला काय धोका? मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली, कारण विकणाराही उघडा पडतो हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा, त्याने चोरलेल्या कार्डावरून किंवा दुसऱ्याच्या खात्यात शिरून तुम्हाला पैसे पाठवले. तुमच्या खात्यात रक्कम दिसली, तुम्ही कॅमेरा पाठवलात. तीन आठवड्यांनी खऱ्या मालकाला कळलं, त्याने बँकेत तक्रार केली आणि पैसे तुमच्या खात्यातून उलटे ओढले गेले. 'फ्रेंड्स अँड फॅमिली' म्हणून, म्हणजे मित्राला किंवा घरच्यांना पाठवतात तसे आलेले पैसेसुद्धा असे ओढले जाऊ शकतात. विक्री म्हणून व्यवहार झाला असता तर पेपालचं विक्रेता संरक्षण अशाच वेळी कामाला येतं. मित्राने मित्राला पाठवलेल्या पैशांना ते नाही. म्हणजे कॅमेराही गेला आणि पैसेही. शिवाय विक्रीचे पैसे घरगुती म्हणून घेणं त्यांच्या नियमांत बसतच नाही.

हा माणूस तसाच आहे असं मी म्हणत नाही. तो खरोखर सरळ असेल, तुमची फी वाचावी एवढंच त्याच्या मनात असेल. पण सरळ माणूस आणि लबाड माणूस हे वाक्य अगदी त्याच शब्दांत म्हणतात. मला लिहिलेलं वाक्यही असंच आपुलकीचं होतं.

म्हणून पैसे 'गुड्स अँड सर्व्हिसेस', म्हणजे खरेदी-विक्रीचे, म्हणूनच घ्या. आणि बाबा, तेवढ्याने काम संपत नाही. संरक्षणाला अटी असतात आणि त्या पाळल्या नाहीत तर फीही जाते आणि संरक्षणही. व्यवहाराच्या पानावर जो पत्ता दिसतो त्याच पत्त्यावर पाठवायचं. नंतर तो म्हणाला, "मी गावाला आहे, माझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवा," तर नाही म्हणायचं. पैसे परत करायचे आणि नवीन पत्ता घालून पुन्हा पाठवायला सांगायचे. "माझा कुरिअरवाला येऊन घेऊन जाईल," असं म्हणाला तरी नाही, कारण मग पार्सल पोचल्याचा पुरावा तुमच्या हातात राहत नाही. ट्रॅकिंग असलेल्या कुरिअरनेच पाठवा आणि पावती जपून ठेवा. रक्कम ७५० डॉलरच्या वर जात असेल तर घेणाऱ्याची सही घेणारी सेवा लागते. तुमची दुसरी लेन्स धरली तर रक्कम त्या आसपास जाईल, म्हणून सहीची सेवाच घ्या.

आणि पैसे आल्याचा ईमेल आला म्हणून पार्सल बांधायला घेऊ नका. "तुमचे पैसे जमा झाले आहेत, ट्रॅकिंग नंबर टाकताच मोकळे होतील," असे हुबेहूब दिसणारे खोटे ईमेल येतात. त्या ईमेलमधल्या लिंकवरून जाऊ नका. स्वतः खात्यात लॉगिन करून शिल्लक बघा. ठरल्यापेक्षा जास्त पैसे पाठवून "वरचे परत करा" म्हणाला, तर तिथेच व्यवहार थांबवा.

एक गोष्ट मात्र या फीने झाकली जात नाही. विक्रेता संरक्षण दोनच तक्रारींसाठी आहे: "पार्सल मिळालंच नाही" आणि "हे पैसे मी पाठवलेच नव्हते." "वस्तू सांगितली तशी नाही," ही तक्रार त्यात बसत नाही. लेन्सवर बुरशीचा डाग होता असं तो म्हणाला तर तुमचे फोटोच तुमचे साक्षीदार. म्हणून काचेचे उजेडात धरून फोटो काढा, कॅमेऱ्याखालचा सिरियल नंबर दिसू द्या, शटर चालतंय याचा छोटा व्हिडिओ घ्या. आणि त्या छोट्या लेन्सच्या कडेला जो ओरखडा आहे तो जाहिरातीत आधीच लिहा. तुम्ही तो कधी लपवणार नाही हे मला माहीत आहे, फक्त लेखी असू द्या. पैसे परत करायची वेळ आलीच तर कापलेली फी तुम्हाला परत मिळत नाही, हेही आधीच धरून चाला.

फी सोसायची नसेल तर ती किमतीत धरा. तुम्ही हिशेबाला पक्के, तरी एक सांगते. फी ३ टक्के धरू. हातात १०,००० यायला हवेत तर १०,३०० मागून भागत नाही, कारण फी १०,३०० वर लागते आणि हातात ९,९९१ येतात. १०,००० ला ०.९७ ने भागा, १०,३०९ येतात. शिवाय दर व्यवहाराला एक छोटी ठरलेली रक्कम कापतात आणि फीचे दर देशागणिक बदलतात, ते तुमच्या खात्यावर बघून घ्या. त्याला सरळ असं लिहा: "फी मी किमतीत धरली आहे. पैसे खरेदी म्हणूनच पाठवा, त्यात तुमचीही सोय आहे." ज्याला खरंच कॅमेरा हवा आहे तो याला नाही म्हणणार नाही. नाहीच म्हणाला तर दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबा.

आई, तुझं सोपं आहे. तू घेणारी आहेस, म्हणून खरेदी म्हणूनच पैसे पाठव, शक्य असेल तर पेपालच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडून त्यातून दे. तो बँक खात्याचा नंबर देऊन स्वस्तात द्यायला तयार असला तरी नको. रीडर आला की बाजूला ठेवू नकोस, त्याच दिवशी उघडून चालू करून बघ. पेपालमध्ये पैसे दिल्यापासून १८० दिवसांत तक्रार करता येते. पण तक्रार नोंदवल्यावर विकणारा गोड बोलत वेळ काढत राहिला तर २० दिवसांच्या आत ती क्लेममध्ये, म्हणजे पेपालनेच निकाल द्यावा अशा मागणीत, बदलायची असते. ते दिवस उलटले की प्रकरण आपोआप बंद होतं, आणि एकदा बंद झालेलं पुन्हा उघडत नाही. तू कुणालाही दुखवायचं नाही म्हणून थांबून राहतेस, त्यामुळे एवढं एक मुद्दाम लिहिलं. त्याच्याशी गोड बोलत राहा, पण विसाव्या दिवसाच्या आधी ते बटण दाब. आणि तो जवळच राहत असेल, तुम्ही दोघं जाऊन वस्तू हातात घेऊन, चालवून बघणार असाल, तर फीची काही गरज नाही. बघा, पटलं तर तिथेच रोख द्या. हातोहात घेतलेल्या वस्तूला "मिळालीच नाही" अशी तक्रार तशीही चालत नाही.

आपण घरात एकमेकांना पाठवतो त्या पैशांवर मात्र एक पैसाही फी देऊ नका. मागच्या महिन्यात बाबांनी मला चुकून खरेदी म्हणून पाठवले होते आणि माझ्याकडून कापले गेले. 'फ्रेंड्स अँड फॅमिली' आपल्यासाठीच आहे. तुम्ही, मी, मावशी. ज्याच्या दारात जाऊन आपण पैसे मागू शकतो, त्यांच्यासाठी.

त्या माणसाला आज काही उत्तर देऊ नका. रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉल करते, तुम्ही खातं उघडून बसा, जाहिरात आणि त्याला पाठवायचा निरोप दोन्ही मिळून लिहू. कॅमेरा बांधायच्या आधी त्यात एखादा रोल राहिलाय का तेही बघा. शेवटचा रोल तुम्ही धुवायला दिला होता की नाही, मला आठवत नाही.

लॅपटॉपचं आधी सांगितलं नाही, त्याबद्दल रागावू नका.

तुमची,
मनू